कूलरची मोटर आणि कोंबुचा: घरच्या ब्रूइंगसाठी स्वस्तातले छोटे पंप

रांजणवाला | ९ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी पाच वर्षं ऑरेगनमध्ये होतो, तिथं घरी बिअर करायचा नाद लागला. अमेरिकेत घरगुती बिअरला १९७८ साली केंद्रीय कायद्यानं मोकळीक दिली, त्यामुळे तिकडे प्रत्येक गल्लीत एक तरी असा वेडा सापडतो. आता छत्रपती संभाजीनगरात परत आलोय. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे. ज्या गावाच्या एमआयडीसीत बिअरचे एवढे कारखाने, त्या गावात मी घरी कोंबुचा करतो, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबटसर पेय. असो.

एका खेपेला ४० लिटर गोड चहा होतो. तो स्टीलच्या टोपातून चार बरण्यांत ओतायचा. उकळता ४० लिटरचा टोप उचलणं म्हणजे पाठ आणि पाय दोन्ही पणाला. म्हणून पंप. आमच्या मातोश्रींचं मत: "चहा गाळायला मोटर लावणारा तू पहिलाच."

आजवर चार पंप घेतले, दोन मेले.

पहिला: कूलरची पाण्यात बुडवायची मोटर, १८ वॅट, २२० रुपये. ही चहाला लावत नाही. टबात बर्फाचं पाणी, त्यात ही मोटर, आणि टोपात सोडलेल्या स्टीलच्या कॉइलमधून (गोल गुंडाळलेल्या पोकळ नळीतून) ते पाणी फिरवायचं, म्हणजे चहा गार. धार करंगळीएवढीच येते, पण येते.

दुसरा: १२ व्होल्टचा छोटा चुंबकी पंप. '१०० अंशांपर्यंत चालेल' असं लिहिलं होतं. तिसऱ्या खेपेला बॉडी लोण्यासारखी मऊ झाली आणि पंख्यानं आतून कडा खरवडायला सुरुवात केली. दुकानाचं नाव घेत नाही, पाकिटावर कोण काहीही छापतं.

तिसरा: तसाच, पण स्टीलच्या तोंडाचा, १४०० रुपयांचा. हा चांगला होता, माझ्याच हातानं मेला. गॅसवाला आला म्हणून दारात गेलो, दोन मिनिटांच्या गप्पा झाल्या, तेवढ्यात टोप रिकामा. पंप कोरडा फिरत राहिला.

चौथा: परत तिसऱ्यासारखाच. सध्या चालू आहे.

कुणी अजून काही वापरतं का? आणि बर्फाचा खर्च कमी करायची युक्ती असेल तर सांगा. दर खेपेला पाऊण लादी लागतेय.

---

गंजगोलाई | ९ एप्रिल, रात्री १०.४८

काय करूलालास भाऊ हे, चहा पण आंबवूनच प्यायचा का आता?

बाकी बर्फाचं पाणी फिरवून वापरतोस ते लई बरं. यूट्यूबवर गोरे लोक नळाला कॉइल जोडून अर्धा तास पाणी सरळ मोरीत सोडतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय लातुरात, असलं काही बघितलं की छातीत धस्स होतं.

---

रांजणवाला | ९ एप्रिल, रात्री ११.०२

तेच तर. आणि नळाचं पाणी सोडूनही उपयोग शून्य. एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हातावर घ्यायला नको वाटतं. ते कॉइलमधून कितीही फिरवा, चहा त्याच्या खाली जाणार नाही. ऑरेगनात थंडीत नळाचंच पाणी बर्फासारखं यायचं.

---

मुक्काम जर्मनी | १० एप्रिल, पहाटे २.३०

मूळचा अंबाजोगाईचा, सध्या डॉर्टमुंडजवळ. इथं घरी बिअर करायला अडचण नाही, म्हणून खऱ्या ब्रूइंगमधलं सांगतो.

मी हा १२ व्होल्टचा चुंबकी पंप तीन वर्षं वापरतोय. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६६ अंशांच्या पाण्यात तासभर भिजत असतं, तेव्हा खालून वर्ट, म्हणजे माल्टचं ते गोड पाणी, काढून वरून परत सोडायचा. त्यानं सगळ्या भांड्याचं तापमान सारखं राहतं आणि दाण्यांच्या थरातून फिरून फिरून वर्ट नितळ होतो. एवढ्या कामाला महागड्या पंपाची गरज नाही.

रांजणभाऊंचा एक पंप फसवणुकीनं गेला, पण लोकांचे बहुतेक पंप चुकीच्या मांडणीनं मरतात. हा पंप हवा ओढू शकत नाही. आपल्या विहिरीवरच्या मोटरीला जसं आधी पाणी भरावं लागतं, तसंच. म्हणून पंप भांड्याच्या तळापेक्षा खाली ठेवायचा, द्रव आपोआप उतरून तोंड भरलं की मगच बटण. नळी मध्ये कुठं उंटासारखी वर गेली तर तिथं हवा अडकते आणि पंप नुसताच गुरगुरतो.

धार कमी करायला कॉक लावायचा तो बाहेरच्या नळीवर, म्हणजे पंपातून द्रव बाहेर पडतो तिथं. पंपात द्रव आणणाऱ्या आतल्या नळीवर कधीच नाही. बाहेरची वाट दाबली तर पंखा जागेवर फिरत राहतो, थोडा वेळ चालतं. आतली दाबली तर पंप ओढतो आणि त्याला मिळत नाही. गरम द्रव असेल तर त्या ओढीनं तिथंच उकळायला लागतो, वाफेचे बुडबुडे होतात, धार तुटते. खडखड आवाज आला की समजायचं.

---

रांजणवाला | १० एप्रिल, सकाळी ७.२०

अरे व्वा, माझा कॉक आतल्याच नळीवर आहे! म्हणून तो खडखडाट. मला वाटायचं आल्याचा तुकडा अडकला.

तुमच्या वाफेच्या मुद्द्यात आमची एक भर. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणजे थर्मामीटर ९५ दाखवतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही, उकळीपासून आपण तीनच अंश खाली असतो. मी आता ८५ च्या खाली आल्याशिवाय पंप लावत नाही.

---

सोयाबीनवाला | १० एप्रिल, सकाळी ९.०५

पैसे कशाला घालता. बॅटरीवरचा जुना फवारणी पंप घरात पडलेला असतोच. त्याच्यात १२ व्होल्टची मोटर असते, हवा पण ओढते, प्रेशर तर विचारूच नका. काढा आणि लावा.

---

फेजन्यूट्रल | १० एप्रिल, सकाळी ९.११

नको नको नको. दादा, त्यातून काय काय फवारलंय आठवा. त्या पडद्याच्या रबरात, व्हॉल्व्हच्या खाचांत औषध मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी खात्री नाही. खायच्या-प्यायच्या वस्तूला फवारणीचा कुठलाही भाग लावायचा नाही. नळी नाही, कॅप नाही, काही नाही.

---

सोयाबीनवाला | १० एप्रिल, सकाळी ९.३०

बरोबर आहे राव. लिहिताना डोक्यातच आलं नाही. पोस्ट काढता येत असेल तर काढा.

---

कट्टा-चालक | १० एप्रिल, सकाळी ११.००

पोस्ट राहू देतोय, खालच्या उत्तरासकट. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हाच विचार आला तर उत्तर समोर असलेलं बरं.

धाग्यावर मद्य गाळण्याच्या कृती टाकू नयेत. पंप, नळ्या, कोंबुचा, बाहेरदेशीचे अनुभव चालतील.

---

बारव | १० एप्रिल, दुपारी १.४०

कोंबुचात पण थोडं अल्कोहोल असतंच ना? शंका म्हणून विचारतो, भांडायला नाही.

---

रांजणवाला | १० एप्रिल, दुपारी २.१५

असतं, अगदी थोडं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्याचं आम्ल करतात, दोन्ही एकाच बरणीत चालू असतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्यपेय. बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर ते वाढू शकतं आणि बाटली फुटू शकते. म्हणून मी बाटल्या भरल्या की फ्रीजमध्ये.

---

फेजन्यूट्रल | १० एप्रिल, रात्री ८.५०

मूळ पोस्टमधली एक गोष्ट कुणी धरली नाही, म्हणून लिहितोय. मी वायरमन आहे, नांदेडला. कूलरच्या मोटरीवर २३० व्होल्ट असतात आणि ती पाण्यात बुडालेली असते. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. रांजणभाऊ, तुमच्या टबात बर्फ टाकताना तुम्ही हात घालता का? मोटर चालू असताना?

---

रांजणवाला | १० एप्रिल, रात्री ९.०५

...घालतो.

---

फेजन्यूट्रल | १० एप्रिल, रात्री ९.२०

आजपासून बंद. आधी प्लग काढायचा, मग हात. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं, बटण बंद असलं तरी फेज मोटरीपर्यंत जिवंत.

स्वस्तातल्या मोटरींना बऱ्याचदा दोनच वायरी असतात, अर्थिंग नसतंच. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. आणि प्लगपाशी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न शिरता झोळाशी ठिबकेल.

१२ व्होल्टवाल्याला ही भानगड नाही. त्याचा अडॅप्टर तेवढा ओल्या फरशीवर ठेवू नका. आणि तो ३ अँपिअरचा घ्या. पंप चालताना अँपिअर-दीड अँपिअर खात असला तरी सुरू होताना जास्त ओढतो, १ अँपिअरचा अडॅप्टर नुसता टिकटिक करतो आणि लोक पंपाला शिव्या देतात. लाईट गेली तर मोटारसायकलच्या बॅटरीवर पण चालेल.

---

दुष्काळी ढग | ११ एप्रिल, सकाळी ६.५५

पाकिटावर लिहिलेलं असतं '८ लिटर प्रति मिनिट, ३ मीटर उंची'. लोक समजतात ३ मीटर वर ८ लिटर मिळणार. तसं नसतं. ८ लिटर म्हणजे काहीच उंची नसताना, आणि ३ मीटर म्हणजे जिथं धार शून्य होते ती उंची. दीड मीटर चढवलं तर मधलं काहीतरी हाती लागतं.

पेशानं मास्तर आहे, म्हणून बर्फाचाही हिशोब करून ठेवलाय. ४० लिटर चहा ९५ वरून २८ वर आणायचा. सगळं बर्फावर केलं तर २६ किलो बर्फ लागतो. त्याऐवजी पहिला टप्पा साध्या पाण्यानं करा. दोनशे लिटरचा निळा ड्रम प्रत्येकाच्या दारात असतोच. त्यातलं ३२ अंशांचं पाणी तुमच्या कूलरच्या मोटरीनं कॉइलमधून फिरवून परत ड्रममध्येच सोडा. चहा ४५ पर्यंत उतरेल, ड्रम ४२ च्या आसपास जाईल. मग बर्फाचा टब. उरलेल्या १७ अंशांना सात-आठ किलो बर्फ पुरेल. ड्रमचं पाणी संध्याकाळी गार झालं की झाडांना, थेंब वाया नाही.

---

रांजणवाला | ११ एप्रिल, सकाळी ७.३०

सर, साष्टांग. हे डोक्यात यायला हवं होतं.

---

सेलूची सून | ११ एप्रिल, दुपारी ३.१०

वाचून हसू आलं, रागावू नका. एवढा ४० लिटर चहा उकळताच कशाला?

मी पण करते कोंबुचा, १० लिटरच. चहापत्ती आणि साखर थोड्याशाच पाण्यात उकळायची, गाळायची आणि वरून गार पाणी घालायचं. सरबताचा पाक करतो तसं. तुमच्या मापानं ५ लिटरमध्ये सगळी साखर सहज विरघळेल. ते पातेलं तास-दोन तास बाजूला ठेवलं की कोमट होतं. फिल्टरचं पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवा, ते ३५ लिटर त्यात. झालं. बर्फ नाही, ड्रम नाही, कॉइल नाही.

आणि ५ लिटरचं पातेलं उचलायला मोटर लागत नाही.

---

दुष्काळी ढग | ११ एप्रिल, दुपारी ३.४५

पाक ४५ अंशांवर आला आणि माठाचं पाणी २५ चं असलं, तर मिश्रण साडेसत्तावीस. वहिनींचं बरोबर आहे. माझा ड्रमचा हिशोबही बरोबर आहे, पण आता त्याचं करायचं काय ते कळेना.

---

गंजगोलाई | ११ एप्रिल, दुपारी ३.५०

😂😂 १४०० चा पंप गेला कामातून!

---

रांजणवाला | ११ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

ताई, तीन वर्षं झाली मला हे करताना. बायको शेजारी बसून हेच म्हणतेय, "मी सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं, पण आता बोलायची सोय नाही.

बिअरच्या सवयीचा दोष. तिथं सगळा वर्ट उकळायचा असतो, मीही तोच साचा चहावर बसवला. जर्मनीवाल्यांना गरम पंप लागणारच. मला पंप आता फक्त तयार कोंबुचा बाटल्यांत भरायला.

---

मुक्काम जर्मनी | ११ एप्रिल, रात्री ११.५५

बाटल्यांना पण नको. बरणी ओट्यावर, बाटल्या जमिनीवर, मध्ये नळी. एकदा भरून सोडली की आपसूक वाहते. पंपानं फेस होतो, वरून चक्राला कोंबुचातले ते शेवाळी धागे गुंडाळतात.

पंप ठेवणार असाल तर धुण्याचं सांगतो. काम झालं की लगेच गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं फिरवा, मग साधं पाणी. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर पुढच्या वेळी लिंबूसत. महिन्यातून एकदा तोंडाचे चार स्क्रू उघडा.

---

रांजणवाला | १२ एप्रिल, दुपारी १२.२०

तुम्ही म्हणालात म्हणून आज उघडला. आयुष्यात पहिल्यांदा.

आत चक्र आणि चुंबक एकाच तुकड्यात असतात, मधून चिनी मातीचा पांढरा दांडा. चक्राच्या दोन पात्यांच्या मध्ये एक अख्खं चहाचं पान चिकटलेलं, उलगडलेलं, जणू वहीत दाबून ठेवलंय. चुंबकाभोवती आल्याची एक शीर दोऱ्यासारखी तीन वेढे मारून बसली होती, आणि त्याखाली तपकिरी चिकट थर. वास आंबट. धुतलेला पंप म्हणून मी मोठ्या विश्वासानं फडताळात ठेवत होतो.

बाहेरून मोटर आणि आतला द्रव यांच्यामध्ये कुठं भोकच नाही, बाहेरचं चुंबक भिंतीपलीकडून आतलं चुंबक फिरवतं. म्हणून गळत नाही. आणि आतल्या दांड्याला वंगण तो द्रवच, म्हणून कोरडा फिरला की मरतो. गॅसवाल्याचा दिवस आता नीट कळला.

---

बारव | १२ एप्रिल, दुपारी २.००

नळी कुठली वापरता? आमच्याकडे नळाची पारदर्शक प्लास्टिकची आहे.

---

मुक्काम जर्मनी | १२ एप्रिल, संध्याकाळी ५.१०

ती गरमाला नको, मऊ होऊन चपटी होते आणि वास सोडते. खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची घ्या. जोडावर क्लिप आवळा, नुसती दाबून बसवू नका. पितळेचे जोड आंबट द्रवाला लावू नका, त्यात शिसं असू शकतं. स्टीलचे घ्या.

---

रांजणवाला | १२ एप्रिल, संध्याकाळी ५.४०

क्लिपचं मनावर घ्या. माझ्या डाव्या पायावर घोट्यापासून अंगठ्यापर्यंत एक तांबूस डाग आहे. नळी सुटली तेव्हा मी अनवाणी होतो.

---

सेलूची सून | १३ एप्रिल, सकाळी १०.३०

माझा खरा प्रश्न राहूनच गेला. चहा गार करणं सोपं आहे हो, पुढचे आठ-दहा दिवस काय करायचं? घरात दुपारी ३९-४० असतं. मागच्या मे महिन्यात माझी बरणी चार दिवसांत नुसतं व्हिनेगर झाली. एसी नाही आमच्याकडे.

---

रांजणवाला | १३ एप्रिल, रात्री ९.१५

ताई, इथं मात्र तुमचं देणं फेडतो.

बरणीला सुती कापडाचे दोन वेढे द्या, किंवा धुतलेलं गोणपाट. बरणी परातीत नाही, खोल टबात ठेवा, खाली वीट. टबात चार बोटं पाणी आणि त्यात कूलरची मोटर, तोंड बुडेल एवढी. मोटरीची नळी बरणीच्या गळ्याभोवती गोल फिरवून बांधायची, तिला दाभणानं बोटभर अंतरावर भोकं पाडायची, शेवटचं टोक बंद. पाणी कापडावरून झिरपत टबात येतं, परत वर जातं. समोर टेबलफॅन. बरणीच्या तोंडावरचं कापड कोरडं राहायला हवं, नाहीतर ते पाणी आत जाईल, म्हणून नळी गळ्याच्या खाली.

कूलरचंच काम, फक्त खोलीऐवजी बरणी गार करायची. आपली एप्रिल-मेची हवा कोरडीठाक, त्यामुळे फार छान चालतं. परवा दुपारी खोलीत ३९ असताना बरणीत २८ होतं. कोंबुचाला २२ ते ३० हवं. टबात दिवसाला तीन-चार लिटर पाणी घालावं लागतं. जूनमध्ये आभाळ आलं, हवा दमट झाली की हे बंद पडतं, पण तेव्हा गरजही कमी होते.

आणि फेजन्यूट्रल दादांचं ऐका. टबात पाणी घालताना आधी प्लग.

---

गंजगोलाई | १३ एप्रिल, रात्री ९.४०

म्हणजे रांजणाला ओलं फडकं गुंडाळतात तेच. आमची आजी दिवसातून चारदा तांब्यानं शिंपडायची, तू मोटर लावलास.

---

फेजन्यूट्रल | १३ एप्रिल, रात्री १०.०५

रात्रंदिवस चालणार असेल तर २३० ची काढा, १२ व्होल्टची बुडवायची छोटी मोटर मिळते ती लावा. पाणी अर्धा मीटरच चढवायचंय, ताकद पुरेल. लहान पोरं टबाशी खेळतात, त्यांना प्लगचं कोण सांगणार.

---

सेलूची सून | २१ एप्रिल, सकाळी ८.००

१२ व्होल्टची लावली, अडॅप्टर भिंतीवर खिळ्याला. काल दुपारी खोलीत ४०, बरणीत २९. पहिले दोन दिवस वरची दोनच भोकं वाहत होती, बोअरच्या पाण्याचं किटण बसलेलं. सुईनं मोकळी केली.

सासूबाईंनी काल त्याच टबात शेजारी ताकाचं गाडगं आणून ठेवलंय. फडकं त्यांनी स्वतःच गुंडाळलं. आता दुसरी नळी ओढायची तर मोटर पुरेल का?

---

फेजन्यूट्रल | २१ एप्रिल, सकाळी ८.२५

पुरेल. टी-जोड लावा मध्ये.